देणगी नको, देणं द्या

(जागतिक कचरावेचक दिनानिमित्त १ मार्च रोजी कसबा बावडा इथं झालेल्या मेळाव्यात एका सामाजिक कार्यकर्तीनं केलेलं भाषण. कचरावेचक महिला, बचतगटांच्या सभासद, समाजकार्याच्या विद्यार्थिनी आणि काही कारखान्यांचे प्रतिनिधी मेळाव्याला हजर होते. भाषण थोडं संक्षिप्त करून देत आहोत. – संपादक मंडळ)

मैत्रिणींनो, आणि सुट्टीच्या दिवशी वेळ काढून आलेल्या कारखान्यांच्या प्रतिनिधींनो,

आजचा दिवस कशाचा, ते आधी सांगते. हळदीकुंकवाला किंवा महिला दिनाला आपण जमतो, पण १ मार्चला जमण्याची सवय आपल्याला अजून नाही. दक्षिण अमेरिकेत कोलंबिया नावाचा देश आहे. तिथल्या बारांकिया शहरात १९९२ साली एका खाजगी विद्यापीठाच्या आवारात कचरा वेचणाऱ्यांना पुठ्ठा आणि बाटल्या देतो असं सांगून आत बोलावलं गेलं आणि ठार मारलं गेलं. त्यांची प्रेतं वैद्यकीय शिक्षणासाठी वापरायची होती. एक जण जखमी अवस्थेत निसटला, म्हणून हे उघडकीला आलं. पोलिसांना तिथं अकरा जणांचे मृतदेह सापडले. त्या माणसांना विचारणारं कुणी नाही, असा मारणाऱ्यांचा हिशेब होता. तो हिशेब खोटा ठरवण्यासाठी जगभरचे कचरावेचक १ मार्चला एकत्र येतात.

आता हा कार्यक्रम बावड्यातच का, हे बावड्याच्या लोकांना सांगायला नको. कोल्हापूर शहराचा कचरा वर्षानुवर्षं बावड्याच्या लाईन बाजारात येऊन पडला. खतनिर्मितीसाठी तिथं जी कंपनी आली होती तिचं काम कधीच थांबलं, पण लोकांच्या तोंडात त्या जागेचं नाव अजून ‘झूम’च आहे. कचऱ्याचा डोंगर उभा राहिला, उन्हाळ्यात त्याला आगी लागल्या, धूर आजूबाजूच्या घरांत शिरला. त्याविरुद्ध बावडेकरांनी आंदोलनं केली आणि ती रास्तच होती. पण या सगळ्या चर्चेत त्याच डोंगरावर सकाळपासून वाकून काम करणाऱ्या बाईचं नाव क्वचितच आलं. तक्रारीच्या अर्जात कचरा होता, दुर्गंधी होती, भटकी कुत्री होती. बाई नव्हती.

आज मी तिच्याबद्दल आणि पैशाबद्दल बोलणार आहे. कारण अलीकडे कंपन्यांचा पैसा या क्षेत्राकडे वळू लागला आहे. ‘सीएसआर’ हा शब्द आता बचतगटाच्या बैठकीतही ऐकू येतो. हा पैसा घ्यावा की नाही, घेतला तर कशासाठी आणि कोणत्या अटींवर, यावर आपण पुरेसं बोललेलो नाही. पैसा वाईट, असं मी म्हणणार नाही. शेड लागते, वजनकाटा लागतो, पाणी लागतं आणि हे सगळं घोषणांनी उभं राहत नाही. माझा मुद्दा एवढाच आहे की, जे आपलं देणं आहे ते आपण देणगी म्हणून हात पसरून घेऊ नये.

हे काम कुणाचं?

कचरा वेचण्याचं काम बायकाच जास्त का करतात? उत्तर सोपं आहे. ज्या कामाला भांडवल लागत नाही, जिथं कुणी शिक्षण विचारत नाही, जे घरची भाकरी-पाणी उरकून करता येतं आणि ज्याला समाजात मान नाही, ते काम बाईच्या वाट्याला येतं. त्यातही दलित समाजातल्या, दुष्काळानं गाव सोडायला लावलेल्या, नवऱ्यानं टाकलेल्या किंवा विधवा बाईच्या वाट्याला. पुण्यातल्या कितीतरी कचरावेचक बायांची घरं १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आणि सोलापूरकडून शहरात आली. कोल्हापूरची गोष्ट थोडी वेगळी असेल, पण जात, गरिबी आणि बाईपण यांची वीण तीच आहे.

आता भंगाराची साखळी पाहा. सगळ्यात खाली वेचणारी बाई. तिच्यावर वस्तीतलं भंगाराचं छोटं दुकान, त्यावर मोठा व्यापारी, त्यावर गासड्या बांधून ट्रक भरणारा आणि शेवटी कारखाना. जसजसं वर जावं तशा बाया कमी होतात आणि पुरुष वाढतात. माल तोच असतो, फक्त तो निवडला जातो, साठवला जातो, दाबून बांधला जातो. प्रत्येक पायरीवर किंमत वाढते. वेचणारीकडे साठवायला जागा नाही, म्हणून तिला रोजचा माल रोज विकावा लागतो, मिळेल त्या दरात. वजनकाटा दुकानदाराचा, दर दुकानदाराचा आणि अडीअडचणीला उचलही त्याच्याकडूनच. तिच्याकडे एक साधी शेड असती, तर तीच दुसऱ्या पायरीवर गेली असती.

आणि तिचं कौशल्य? प्लास्टिकचा तुकडा हातात घेऊन, वाकवून, आवाज ऐकून तो कडक की नरम, कुठल्या ढिगात जायचा, हे ती क्षणात सांगते. दुधाची पिशवी वेगळी, पाण्याची बाटली वेगळी, तिचं झाकण वेगळं. रद्दी, पुठ्ठा, पांढरा कागद यांचे दर वेगळे. इंजिनिअरिंगच्या मुलांना हे शिकायला प्रयोगशाळा लागते. आपण मात्र याला कौशल्य म्हणत नाही, कारण ते बाईच्या हातात आहे. घरात तांदूळ निवडणं हे जसं काम समजलं जात नाही, तसंच हे.

न दिलेली मजुरी

शाहू महाराजांचा जन्म याच बावड्यातला. २६ जून १८७४ रोजी इथल्या लक्ष्मी विलास राजवाड्यात ते जन्मले. जयंतीला आपण तिथं हार घालतो. पण त्यांनी १९१८ साली केलेल्या एका कामाची आज विशेष आठवण करून देते. त्या वर्षी त्यांनी आपल्या संस्थानातली महार वतनं रद्द केली. वतन म्हणजे वरवर पाहता मान, जमिनीचा तुकडा. प्रत्यक्षात त्या तुकड्याच्या मोबदल्यात अख्ख्या घराला गावाची नि सरकारची पडेल ती कामं पिढ्यान् पिढ्या करावी लागत. मेलेली जनावरं ओढण्यापासून सांगावे पोचवण्यापर्यंत. नाही म्हणण्याची सोय नव्हती आणि कामाचा दर ठरलेला नव्हता. याचंच नाव वेठ.

आजच्या शहरातल्या कचरावेचक बाईकडे त्या नजरेनं बघा. ती जेवढं वेचते तेवढं महापालिकेला उचलावं, वाहून न्यावं आणि पुरावं लागत नाही. वाहतुकीचं डिझेल वाचतं, डेपोची जागा वाचते. या वाचलेल्या पैशातला एक रुपया तिच्याकडे येत नाही. पुण्यात २००१ साली या कामाचा एक अभ्यास झाला. त्यात असं दिसलं की, एकेक कचरावेचक महिन्याला सुमारे २४६ रुपयांचे श्रम महापालिकेला फुकट देते. ही त्या वेळची किंमत. वर्षाचे जवळजवळ तीन हजार झाले. ज्या बाईच्या घरी रॉकेलला पैसे नसत, ती शहराला दरवर्षी तीन हजारांची देणगी देत होती. पावती मात्र तिला कुणी दिली नाही.

दुसरं फुकटचं काम ती कारखान्यांसाठी करते. आपल्या शिरोलीच्या आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांना कच्चा माल म्हणून भंगार लोखंड लागतं. कागद गिरण्यांना रद्दी आणि पुठ्ठा लागतो. प्लास्टिकच्या दाण्यांच्या कारखान्यांना बाटल्या लागतात. म्हणजे ही बाई कारखान्यांच्या दारात मदतीसाठी आलेली परकी बाई नाही. ती त्यांची पुरवठादार आहे, फक्त तिचं नाव त्यांच्या खरेदीच्या वहीत नाही.

दोन खिसे

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. थोडं कंटाळवाणं वाटेल, पण लक्ष द्या, कारण समोरच्याला कायदा माहीत असतो आणि आपल्याला नसतो, इथंच आपली फसगत होते.

कंपनी कायदा २०१३ साली आला. त्यातलं १३५ वं कलम १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. ज्या कंपनीचं निव्वळ मूल्य ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या निदान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. कंपनी जिथं काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावं, असंही कायदा म्हणतो. पर्यावरण, उपजीविका, स्त्री-पुरुष समानता हे सगळे विषय त्या यादीत आहेत. म्हणजे हा पैसा मालकाच्या मनाच्या मोठेपणाचा राहिलेला नाही. त्याच्या मागे कायदा आहे. हा झाला पहिला खिसा.

दुसरा खिसा वेगळा आहे आणि त्याच्याबद्दल आपल्याला फारच कमी सांगितलं जातं. बिस्किटांचे पुडे, शांपूच्या पुड्या, तेलाच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या यांतून माल विकणाऱ्या कंपन्यांवर ते वेष्टण परत गोळा करून त्याची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी टाकलेली आहे. प्लास्टिक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत ती स्पष्ट झाली आणि २०२२ च्या फेब्रुवारीत तिचे सविस्तर नियम आले. याला ‘ईपीआर’ म्हणतात, म्हणजे उत्पादकाची जबाबदारी. दुकानात माल विकला की ती संपत नाही.

आता गंमत पाहा. सीएसआरच्या नियमांत २०२१ साली जी दुरुस्ती झाली, त्यात स्पष्ट लिहिलं आहे की, दुसऱ्या कुठल्याही कायद्यानं बंधनकारक असलेलं काम सीएसआरमध्ये धरता येणार नाही. म्हणजे एखाद्या कंपनीनं आपलंच प्लास्टिक गोळा करण्याचं बंधन पुरं केलं आणि त्यालाच समाजसेवा म्हणून मिरवलं, तर ते चालणार नाही. एका खिशातलं देणं दुसऱ्या खिशातून दान म्हणून दाखवता येत नाही. कुठलीही कंपनी आपल्या दारात आली की पहिला प्रश्न हाच विचारायचा: हा पैसा कोणत्या खिशातला? तुमचं प्लास्टिक गोळा करण्याचा असेल, तर ही आमची मजुरी आहे, तिचा दर ठरवू. सामाजिक कामाचा असेल, तर शेड कुठं आणि कुणाच्या नावावर बांधायची ते ठरवू.

ईपीआरमध्ये आणखी एक अडचण आहे. कंपनीला आपलं बंधन पुरं झालं हे दाखवायला प्रमाणपत्रं लागतात. ती नोंदणीकृत पुनर्वापर कारखान्यांकडून विकत मिळतात. पैसा कंपनीकडून कारखान्याकडे जातो. वेचणाऱ्या बाईपर्यंत तो यावा अशी सक्ती त्या व्यवहारात नाही. २०२३ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत काही कारखान्यांनी लाखोंच्या संख्येनं खोटी प्रमाणपत्रं दिल्याचं उघड झालं. माल वेचला गेला नाही, तरी कागद तयार झाला. बाईनं मात्र माल वेचला आणि तिच्याकडे कागद नाही.

आधी संघटना, मग पैसा

पुण्याचं उदाहरण आपल्याला माहीत असायला हवं. १९९० पासून एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कार्यक्रमातून काही कार्यकर्त्या कचरावेचक बाया-मुलींबरोबर काम करू लागल्या. १९९३ साली पुण्यात कचरावेचकांचं अधिवेशन भरलं आणि बाबा आढाव यांच्या पाठबळानं ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. लक्ष्मी नारायण आणि पूर्णिमा चिकरमाने यांचं या कामातलं योगदान सगळ्यांना माहीत आहे. पंचायतीनं आधी काय मागितलं? पैसे मागितले नाहीत. ओळखपत्र मागितलं. चोर म्हणून पोलिसांनी पकडू नये, सोसायटीच्या वॉचमननं हाकलू नये, यासाठी. पुणे महापालिकेनं त्या ओळखपत्रांना मान्यता दिली. पुढे २००२-०३ पासून महापालिकेनं कचरावेचकांच्या वैद्यकीय विम्याचा हप्ता भरायला सुरुवात केली. हा विमा त्यांच्या त्या न दिलेल्या मजुरीच्या हिशेबावर मिळाला.

त्यानंतर २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आणि महापालिका यांच्यात करार झाला. बाया उकिरड्यावरून दारावर आल्या. घरोघरचा वेगळा केलेला कचरा त्या घेतात, घराघरातून दरमहा ठरलेलं शुल्क घेतात आणि सुक्या कचऱ्यातलं भंगार त्यांचंच राहतं. हे सहज टिकलेलं नाही. करार संपण्याची वेळ आली की मोठ्या ठेकेदारांना काम देण्याच्या हालचाली होतात आणि बायांना पुन्हा रस्त्यावर उतरावं लागतं.

यात कंपनी कुठं आली? पुण्यातच २०११ च्या सुमारास कात्रजचा प्रभाग ‘शून्य कचरा’ करण्याचा प्रयोग झाला. त्यात महापालिका होती, ‘स्वच्छ’च्या बाया होत्या, ‘जनवाणी’ ही संस्था होती आणि कमिन्स कंपनीचा सहभाग होता. कंपनीचा पैसा आणि तिच्या कर्मचाऱ्यांचा वेळ घराघरात जाऊन ओला-सुका वेगळा करायला शिकवण्यात, आखणीत आणि देखरेखीत लागला. बाईची रोजची कमाई मात्र कंपनीवर अवलंबून नव्हती. ती शुल्कातून आणि भंगारातून येत होती. मला यातला हाच भाग महत्त्वाचा वाटतो. घर बांधताना परांची लागते, पण परांचीवर संसार मांडत नाहीत. कंपनीचा पैसा परांचीसारखा असावा. तो काढला तरी भिंत उभी राहिली पाहिजे.

आणि त्याच पुण्याच्या बायांनी २०१३ साली एक गोष्ट केली, ती आपल्या मासिकानं ठळक छापावी अशी आहे. वापरलेले सॅनिटरी पॅड उघड्या हातांनी निवडावे लागत होते. बनवणाऱ्या कंपन्या लक्ष देत नव्हत्या. तेव्हा बायांनी पॅड पोत्यांत भरले आणि सरळ त्या कंपन्यांच्या दारात पाठवून दिले. तुमचा माल, तुम्हीच सांभाळा! बाईच्या पाळीवर कोट्यवधींचा धंदा करणाऱ्यांना पाळीचा कचरा उचलणारी बाई दिसावी म्हणून. २०१६ च्या घनकचरा नियमांत उत्पादकांनी पॅडबरोबर गुंडाळायला पिशवी द्यावी, असं कलम आलं. त्याच नियमांत कचरावेचकांची व्याख्या पहिल्यांदा लिहिली गेली आणि त्यांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर आली. हे सारं दानातून घडलं नाही.

कोल्हापुरातही ‘अवनि’, ‘एकटी’ यांसारख्या संस्थांनी कचरावेचक बायांना एकत्र आणण्याचं काम केलेलं आहे. म्हणजे आपण शून्यावर उभ्या नाही.

हातमोजे, फोटो आणि रिक्षा

आता नेहमी काय घडतं ते सांगते. कुठल्या एका कंपनीबद्दल बोलत नाही, चाल सगळीकडची सारखी आहे.

मार्च महिना जवळ येतो. वर्षाचा खर्च ३१ तारखेच्या आत दाखवायचा असतो. फोन येतो: तुमच्याकडे किती बाया आहेत, उद्या हातमोजे वाटू. एका मापाचे हातमोजे येतात, पुरुषाच्या हाताचे. बाई ते घालते, फोटो निघतो, दुसऱ्या दिवशी ती ते काढून ठेवते. मोज्यातून प्लास्टिकचा कडकपणा बोटांना कळत नाही आणि वेग निम्म्यावर येतो. मग अहवालात लिहिलं जातं की, ‘महिलांमध्ये सुरक्षेबाबत जागृतीचा अभाव आहे.’ मोजे कसे हवेत हे तिला आधी विचारलं असतं, तर हा अभाव निघाला नसता.

दुसरी गोष्ट यंत्राची. कंपनी विजेवर चालणारी रिक्षा देते, गासड्या बांधायचं मशीन देते. चांगली गोष्ट आहे. पण रिक्षा कोण चालवणार? बाईकडे लायसन्स नाही, म्हणून कुणाच्या तरी मुलाला, दिराला बसवतात. मशीनला ऑपरेटर लागतो, तो पुरुष. हिशेब ठेवायला सुपरवायझर लागतो, तोही पुरुष. सहा महिन्यांत असं दिसतं की, जे काम पूर्वी बाई डोक्यावर पोतं घेऊन करत होती, त्यात आता तीन पुरुषांना पगार आहे आणि बाई अजूनही किलोवर आहे. शहराच्या टिपरचंही हेच झालं. टिपर आले तेव्हा चालक पुरुष झाले आणि कोंडाळ्यावरचा माल बाईच्या आधी टिपरमध्ये गेला. यंत्र आलं की काम मानाचं होतं आणि मानाचं झालं की बाईच्या हातून निसटतं. शेतीत आपण हे पाहिलं आहे, गिरणीत पाहिलं आहे. कचऱ्यात पुन्हा पाहायचं नसेल, तर रिक्षा येण्याआधी बाईला लायसन्स काढून द्यायची तरतूद त्याच प्रकल्पात हवी.

तिसरी गोष्ट मुदतीची. सीएसआरमधला चालू प्रकल्प सुरू झालेलं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं चालवता येतो. नंतर कंपनीचं लक्ष दुसरीकडे जातं. केंद्र बंद पडलं की मशीन कुणाचं? शेडची किल्ली कुणाकडे?

इथं पुन्हा कायदा आपल्या बाजूनं आहे. २०२१ च्या दुरुस्तीनुसार सीएसआरच्या पैशातून उभी राहिलेली मालमत्ता कंपनी स्वतःच्या नावावर ठेवू शकत नाही. ती नोंदणीकृत संस्थेच्या नावावर, सरकारी यंत्रणेच्या नावावर, किंवा ज्यांच्यासाठी प्रकल्प आहे त्यांच्या बचतगटाच्या, समूहाच्या नावावर ठेवता येते. ऐकलंत ना? बचतगटाच्या नावावर. म्हणजे मशीन आमच्या गटाच्या नावावर करा, ही मागणी उद्धटपणाची नाही, नियमातली आहे. माझ्यासारख्या संस्थेत काम करणाऱ्या माणसांनीही हे ऐकून ठेवावं. मालमत्ता संस्थेच्या नावावर ठेवणं आम्हाला सोयीचं असतं. पण जी मशीनवर बसणार, तिच्या नावावर मशीन नसेल, तर ती एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे गेली, एवढंच.

काय मागायचं?

म्हणून मैत्रिणींनो, उद्या कुणी मदत घेऊन आलं तर पाच गोष्टी विचारा. लिहून घ्या, किंवा मुलीकडून लिहून घ्या.

एक. पैसा कोणत्या खिशातला, सामाजिक कामाचा की प्लास्टिक गोळा करण्याच्या जबाबदारीचा?

दोन. शेड, काटा, मशीन, रिक्षा कुणाच्या नावावर? कागद दाखवा.

तीन. बँकेच्या खात्यावर सही कुणाची? गटाच्या दोन बायांच्या सहीशिवाय पैसा निघणार नाही, असं लिहून हवं.

चार. ज्या मालाला बाजारात दर नाही, त्याचं काय? बिस्किटाचा, वेफर्सचा चकचकीत पुडा भंगारवाला घेत नाही, म्हणून बाई तो वेचत नाही. तो वेचून हवा असेल, तर किलोमागे मजुरी ठरवा. फुकट वेचणार नाही.

पाच. कंपनी गेल्यावर काय उरणार? महापालिकेशी करार, माल उचलण्याचा हक्क, ओळखपत्र, विमा, पेन्शन यांतलं काय पक्कं करून जाणार? केंद्र सरकारच्या ‘नमस्ते’ योजनेत २०२४ साली कचरावेचकांचाही समावेश केला गेला. त्यात नोंद करून घ्यायला मदत करणं हे हातमोज्यांपेक्षा कितीतरी मोलाचं काम आहे.

कारखान्यांच्या प्रतिनिधींना माझी विनंती आहे. तुम्ही आलात याचा आनंद आहे. दुसऱ्या शहरांत तुमच्यासारख्या कंपन्यांनी मोठी कामं केली आहेत. मुंबईत हिंदुस्थान युनिलिव्हरनं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाबरोबर प्लास्टिक कचऱ्यावर काम केलं. बंगळूरमध्ये एच अँड एम फाउंडेशननं २०२० साली कचरावेचक कुटुंबांसाठी ‘सामूहिक शक्ती’ हा कार्यक्रम सुरू केला, त्यात अनेक संस्थांनी मिळून घर, शिक्षण, उपजीविका असं एकत्र काम हाती घेतलं. पैसा मोठा आहे आणि उपयोगीही आहे. पण तुमच्या अहवालात ‘लाभार्थी’ असा जो शब्द असतो, तो या बायांसाठी वापरू नका. लाभ कुणाचा होतो आहे, याचा हिशेब आपण आत्ताच केला. ‘पुरवठादार’ लिहा. तुमच्या खरेदी विभागाला सांगा की, वर्षभरात जे भंगार, जो पुठ्ठा लागतो, त्यातला काही भाग बायांच्या गटाकडून, ठरलेल्या दरानं घ्या. याला सीएसआरचा एक रुपयाही लागत नाही आणि तो गट पुढची कित्येक वर्षं स्वतःच्या पायावर उभा राहील.

बावड्यातल्या गृहिणींना एकच सांगते. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवणं हे पर्यावरणाचं काम आहेच, पण त्याहून ते एका बाईच्या हातांशी निगडित आहे. आपण पॅड कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून दिला नाही, तर तो दुसऱ्या बाईच्या उघड्या हाताला लागतो. डाळ सांडलेला पुठ्ठा दर गमावतो. ही काळजी घरातल्या पुरुषांनीही घ्यायची आहे. कचरा निवडणं हे घरातही बाईचंच काम ठरलं, तर आपण साखळीची आणखी एक कडी तयार केली असं होईल.

शेवटी कचरावेचक मैत्रिणींना. बैठकीत आपल्याला नेहमी विचारतात, तुम्हाला काय पाहिजे? आणि आपण संकोचून सांगतो, जे द्याल ते. हे वाक्य आजपासून सोडून देऊ या. वतनाच्या काळात आपल्या आज्या-पणज्यांना दर विचारायची सोय नव्हती, आपल्याला आहे. पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी याच ठिकाणी बैठक आहे. येताना प्रत्येकीनं आठवडाभर वेचलेल्या मालाचं वजन आणि मिळालेला दर वहीत टिपून आणा. लिहिता येत नसेल तर रेघा मारा, चिन्हं काढा. कुणाचं देणं किती, हे त्या वहीवरून ठरवू. मग कंपनीशी बोलायला आपण जाऊ, आणि मोकळ्या हातानं जाणार नाही.